मुंग्यांना आधी कळलं

मंडळी, आपल्या मधुमेह संस्थेचं तपासणी शिबिर आज बेलापुरात होतं. पायांत त्राण नाही, तरी लिहितेय.

नव्वदीच्या एका आजींना विचारलं, "तुमच्या घरात कुणाला शुगर होती?"

"न्हाई बाई. मी ल्हान हुते तवा लढाई चाललेली, साखर रेशनवर. आमी गुळाचाच च्या प्यायचो."

मी दमून पुढच्या माणसाला हाक मारणार, तोच त्या हसल्या. "बाप मातुर लई गोड मानूस. लघवीला बसायचा तिथं मुंग्या जमायच्या. आई कौतुकानं सांगायची. मंग वाळत वाळत गेला. आता माझ्या मोरीतबी येत्यात."

माणसाला आजार वेळेत कळावा, एवढ्यासाठीच आपली संस्था निघाली. इतक्या वर्षांनीही आपण 'शुगर'च विचारतोय. तुमच्या गावात काय विचारावं लागेल?