वडिलांच्या नावाचा रकाना

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा पुण्याच्या मार्केट यार्डात हमाल होते, सही म्हणून अंगठा उठवायचे. माझं पदवीचं सर्टिफिकेट आलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "यात माझं नाव कुठाय?" मी दाखवलं, माझं नाव आणि आडनाव यांच्या मधोमध. त्यांनी लेंग्याला हात पुसून त्या नावावर बोट ठेवलं. मला त्याचा अभिमान आहे. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

सिंगापुरात बुओना व्हिस्टाला आमचं ऑफिस आहे. यादवी युद्धातून बाहेर पडलेल्या देशांत, आईबाप गमावलेल्या मुलांसाठी आमची संस्था काम करते. मुलांना भेटतात ते तिकडचे लोक. मी इथे एसीत बसून त्यांच्या टॅबवरचे फॉर्म बनवते. अशाच एका देशातून मुलांच्या नोंदींच्या जुन्या वह्यांचे स्कॅन आले. वडिलांच्या नावाचा रकाना पानोपानी रिकामा. मला वाटलं, आळस. आमच्या शाळेत रकाना रिकामा दिसला की बाई फॉर्म परत अंगावर टाकायच्या. मी त्या रकान्याला स्टार लावला. नाव भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाणारच नाही.

शेजारच्या टेबलावरचा, वाक्यावाक्याला 'लाह' जोडणारा सिंगापुरी सहकारी माझ्या स्क्रीनमध्ये डोकावला. "एवढे स्टार? फॉर्म आहे की हॉटेल, लाह?"

मी हसले. स्टार काही काढला नाही.

महिन्याभराने तिकडच्या समुपदेशक बाईंचा व्हिडिओ कॉल आला. माझ्या आईच्या वयाच्या, इंग्रजी मोडकं, बोलणं सरळ; मला सिस्टर म्हणायच्या.

"सिस्टर, इथे बालगृहात एक नऊ वर्षांची मुलगी आहे. तिचा तो रकाना रिकामा ठेवता येईल?"

"तिला वडिलांचं नाव माहीत नाही का?"

"माहीत आहे. मला सांगितलंय तिने. फक्त मला. त्याला सात महिने लागले."

"मग भरा ना! बापाचं नाव सांगायला लाज कसली?"

त्यांनी समोरची वही मिटली. "बरं, सिस्टर," म्हणाल्या. मला वाटलं, पटलं.

मुलीला तिची मावशी सांभाळणार होती. पण तिकडे मूल गावात परत आणायचं तर आधी गावाची बैठक होते. युद्धात एकमेकांची घरं जाळलेली माणसं शाळेच्या पडवीत एकत्र बसतात, येणाऱ्या मुलांची यादी वाचतात, कुणाची हरकत आहे का विचारतात. ती यादी आता माझ्या फॉर्ममधून आपोआप छापून निघत होती. मुलीचं नाव वाचलं, पाठोपाठ वडिलांचं. मागे बसलेली एक बाई उठून उभी राहिली. त्याच माणसाने तिचा मुलगा घरातून ओढून नेला होता. तो परत आला नव्हता.

कुणी आरडाओरडा केला नाही. मावशी भाचीसाठी नव्या चपला घेऊन आली होती. "मला याच गावात राहायचंय," म्हणाली, आणि चपला तिथेच ठेवून निघून गेली.

"तो रकाना आम्ही मुद्दाम रिकामा ठेवायचो, सिस्टर," समुपदेशक बाई नंतर कॉलवर मला म्हणाल्या.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुमचं हेड ऑफिस. आणि तुम्ही म्हणालात, लाज कसली."

मी विचारलं, "मुलगी काय म्हणते?"

"गावाला कुणी सांगितलं, विचारत होती. मी म्हटलं, मी. भरलं तर मीच ना? त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही."

स्टार काढायला दोन मिनिटं लागली. यादीतूनही नाव काढलं. चूक माझी, असं साहेबांना लिहून दिलं. सहकाऱ्याने कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणून टेबलावर ठेवली. त्या दिवशी त्याने विनोद केला नाही.

रविवारी बाबांचा फोन आला. "तुझ्या त्या पोरांचं काम कसं चाललंय?"

"चाललंय," म्हटलं. त्यांना काय सांगणार होते?

वर्ष होत आलं, मुलगी अजून बालगृहातच आहे. बाई दर गुरुवारी तिच्याजवळ जाऊन बसतात आणि त्यांची नोंद माझ्या स्क्रीनवर येते: आली. बसली. बोलली नाही. परवाच्या नोंदीत एक ओळ जास्त होती. मावशीने आणलेल्या चपला बाईंनी तिला घालून पाहिल्या. आता होत नाहीत.