भाऊजींना हल्ली सगळ्याच कादंबऱ्या आवडतात

आमच्या भाऊजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, एखादी कादंबरी आवडली असं मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन नव्या लेखकांची सालटी काढायची, हा त्यांचा शिरस्ता. एका कादंबरीत नवराबायको चारशे पानं भांडत होते. भाऊजी म्हणाले, तोवर त्या घरातली भांडी कोण घासत होतं ते लेखकाला ठाऊक नाही. दुसरीत मेलेला माणूस गोष्ट सांगायचा. मेल्यावर तरी गप्प बसावं की नाही? आणि ती बक्षीसवाली जाडजूड, जिच्यात नायक खिडकीशी बसून नुसता विचार करतो, तिच्याबद्दल एवढंच, की याला कुणीतरी कामाला लावा रे. ताई दरवेळी पुस्तकाची बाजू घ्यायची आणि तिकडे दूध उतू जायचं. खोटं कशाला बोलू, मला दोघांचाही वैताग यायचा. मी बापडी कपडे शिवणारी, मला काय त्या कादंबऱ्यांचं.

मग एका सकाळी भाऊजी दुकानातच कोसळले. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. उजवं अंग गेलं, वाचा गेली, आणि इतक्या शब्दांतून एकच शिल्लक राहिला: छान. औषध कडू, तरी छान. अंथरूण ओलं, तरी छान. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांना किती कळतंय ते नक्की सांगता येत नाही.

ताईने हाय खाल्ली नाही, डोकं चालवलं. या माणसाला चिडवलं की तो बोलतो, हे तिला संसारभर माहीत. लायब्ररीतून शोधून शोधून भिकार कादंबऱ्या आणायला लागली. दुपारी पलंगाशी स्टूल ओढून वाचायची आणि वर तोंड भरून कौतुक करायची. एक नायिका तीन पानं आरशात बघत उभी होती, तर ताई म्हणे, याहून खोल मी काही वाचलेलंच नाही. मी तिला म्हटलं, अगं, इतकं धडधडीत खोटं?

"एकदा हे मला 'गप्प बस' म्हणू देत गं," ती म्हणाली. "मग मी जन्मभर गप्प बसेन."

परवा मी मशीनवर होते आणि तिचा फोन आला. रडतेय की हसतेय ते कळेना. त्यांनी पुस्तक ढकललं म्हणे. हातातलं ब्लाउज तसंच टाकून मी धावले. ताईने तेच पान पुन्हा काढलं, तसंच वाचलं, तसंच वाखाणलं. आणि खरंच, भाऊजींनी डावा हात उचलून पुस्तक बाजूला सारलं. ताईने माझं मनगट असं आवळलं की कळ आली.

पण हात तिथे थांबला नाही. पुढे गेला, पुस्तकामागच्या पाण्याच्या भांड्याकडे. तहान लागली होती त्यांना.

मी पाणी पाजलं. निम्मं अंगावर सांडलं. ताईने पुस्तक मिटलं आणि मी खोलीत नाहीच अशा आवाजात म्हणाली, "अहो, मी दमले. मला आता नाही होत हे."

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं, अगदी मायेने.

"छान," म्हणाले.

देवाशपथ सांगते, त्या आजारी माणसाला एक ठेवून द्यावी असं मला वाटलं. ताई मात्र पदराने त्यांची हनुवटी पुसत होती.