नंदीछाप पाव आणा

"मी मागितले तरी द्यायचे नाहीत. रडले तरी नाहीत."

असं म्हणून काकू जिन्यातच एक लिफाफा माझ्या हातात ठेवायच्या. लिफाफ्यात त्यांचेच पैसे असायचे आणि आम्ही दोघं निघालेले असायचो नाण्यांच्या प्रदर्शनाला.

इंदूरच्या विजय नगरातल्या आमच्या इमारतीत काकू तळमजल्यावर एकट्या राहायच्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. सियागंजच्या बाजारात जिऱ्याच्या भावावरून त्यांनी एका दुकानदाराला इतकं दमवलं होतं, की शेवटी त्यानेच त्यांना बसायला स्टूल दिलं. टूथपेस्टची ट्यूब कात्रीने कापून त्या आणखी चार दिवस चालवायच्या. अशा बाया तुमच्याही पाहण्यात असतील. पण तुमच्या पाहण्यातली बाई जुनं नाणं दिसताच विरघळत नसेल.

"अरे भिया, हे माझ्याकडेच बघतंय," असं त्या इंदुरी थाटात म्हणाल्या की समजायचं, नाणं घरी आलं. भोकाचं नाणं, माशाचं नाणं, नाक झिजलेल्या राजाचं नाणं. कुठल्या देशाचं, ते घरी आल्यावर शोधायचं. एकदा त्यांनी किलोच्या भावाने परदेशी नाणी घेतली. रविवारची अख्खी दुपार आम्ही ती निवडत बसलो. त्यात तीन टोकनं निघाली आणि एक कोटाचं बटण.

"बटण तर बटण. जुनं तर आहे," काकू म्हणाल्या. त्यालाही त्यांनी प्लास्टिकचं पाकीट केलं आणि सुवाच्य अक्षरात लेबल लावलं, 'बटण'.

अशा खरेदीनंतर दोन दिवस त्या स्वतःवरच रुसलेल्या असायच्या. भाजीत मीठ विसरायच्या. म्हणून ही लिफाफ्याची युक्ती. मीही थोडीफार नाणी जमवायचो, आणि शिवाय मी बँकेत. "माणसाला हात हलवत परत पाठवायची तुम्हा लोकांना सवय असते," असं त्यांचं म्हणणं.

हे काम मी चोख करायचो. "काकू, असलं एक आहे आपल्याकडे." "काकू, घरी गेल्यावर पस्तावाल." त्या फुरंगटून पुढच्या टेबलाकडे जायच्या आणि बाहेर पडल्यावर मला दुधाची गार शिकंजी पाजायच्या. त्या रोखण्याचाही मला थोडा माज आला होता, हेही सांगून टाकतो.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका टेबलावर होळकरांच्या काळातला तांब्याचा पाव आणा होता, बसलेल्या नंदीचा. असे पाव आणे इंदूरला पुष्कळ निघतात, पण बहुतेकांवरचा नंदी झिजून बटाट्यासारखा दिसतो. याची शिंगं, वशिंड, दुमडलेला पाय, सगळं शाबूत होतं.

काकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मग बसायला खुर्ची मागितली.

"बारह सौ, माताजी. ऐसा पीस दोबारा नहीं आएगा," विक्रेता म्हणाला.

काकूंनी माझ्यापुढे हात केला. "दे."

त्यांची लहर मी चांगली ओळखत होतो. ही लहर नव्हती. ते मला तिथल्या तिथे कळलं, आणि कळूनही मी त्यांच्या कानाशी लागून म्हणालो, "काकू, मला हा खरा वाटत नाही. कडा बघा जरा."

कडांना काहीही झालं नव्हतं. तो नंदी मला हवा होता.

त्यांनी नाणं हळूच खाली ठेवलं. "बरं झालं तू आहेस," म्हणाल्या.

शिकंजी येईपर्यंत मी 'चार्जर आत राहिला' असं सांगून परत गेलो. मोबाईलवरून पैसे दिले असते तर संयुक्त खात्यामुळे बायकोला नाणेवाल्याच्या नावासकट मेसेज गेला असता. खिशात चारशे होते. उरलेले आठशे मी काकूंच्या लिफाफ्यातून दिले. घरी पोचण्याआधी एटीएम गाठून ते भरले. रोख काढलेली बायकोला चालायची.

त्यानंतर माझे हाल सुरू झाले. काकू भेटेल त्याला सांगायच्या, "याने वाचवलं मला. बनावट नाणं गळ्यात पडत होतं." गणपतीत आरतीनंतर सगळ्या इमारतीसमोर सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी हात जोडून उभा राहिलो. नंदी माझ्या कपाटात स्वेटरांखाली होता. एवढ्या हव्यासाने घेतलेलं नाणं, पण ते बाहेर काढून पाहायची माझी हिंमत होत नव्हती.

गेल्या हिवाळ्यात काकू कायमच्या लेकीकडे नागपूरला निघाल्या. सामान बांधून झालं होतं. मी मोठं भाषण तयार करून गेलो, पण तोंडातून निघालं एवढंच, "काकू, तो नंदी खरा होता. माझ्याकडे आहे."

त्यांनी माझ्या तळहातावरचं नाणं उचललं, खिडकीशी नेलं.

"कितीला घेतलास?"

"बाराशे."

"म्हणजे त्याने सांगितले तेवढेच?"

"हो."

"घासाघीस?"

"नाही केली."

आता मात्र काकू मटकन खोक्यावर बसल्या. "क्या यार भिया! सातशेच्या वर एक रुपया दिला नसता मी त्याला."

सांगायचंच तर सगळं, म्हणून मी लिफाफ्याचंही सांगितलं.

"म्हणजे माझ्याच पैशाने महाग घेतलंस," त्या म्हणाल्या.

मी माफी मागितली. ती त्यांनी ऐकली की नाही, कोण जाणे. त्या आत गेल्या आणि सातशे रुपये आणून माझ्या हातात कोंबले. "पाचशे तुझे बुडाले. तेवढे बुडायलाच हवेत." नाण्यांची बाकी पाकिटं खोक्यात बंद होती, पण नंदी त्यांनी मुठीतच ठेवला.

टॅक्सीत सामान चढलं. मी गेटपाशी उभा राहून हात हलवत होतो, पण काकूंचं लक्ष नव्हतं. मागच्या सीटवरून पुढे वाकून त्या ड्रायव्हरला काहीतरी दाखवत होत्या. काच खाली होती, म्हणून मला ऐकू आलं.

"बारह सौ में लाया पागल," त्या सांगत होत्या, "और पांच साल छुपाके रखा."

ड्रायव्हर हसला आणि त्याने गाडी सुरू केली. काकू हसल्या का, ते मला गेटवरून दिसलं नाही.