बूट मुहूर्तावर निघाले

आमच्या घरातून अमावास्येला कोणी प्रवासाला निघत नाही. का, ते कोणी विचारत नाही, आणि विचारलं तरी काका सांगत नाहीत. त्यामुळे ताईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट टेकवून "आपण ह्या दिवशी निघायचं" म्हटलं, तेव्हा काकांनी चष्मा लावला, त्या बोटाखालचा काळा गोल पाहिला आणि चष्मा पुन्हा काढून ठेवला.

"अगं, वर्षात एवढे दिवस पडलेत, तुला हाच सापडला?"

"हाच हवाय, काका. अमावास्येच्या पुढचे दोन-तीन दिवस समुद्र सगळ्यात लांब मागे हटतो. मला तिथेच जायचंय, जिथे एरवी पाणी असतं."

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, आणि एकदा ठरवलं की ठरवलं अशी. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. संक्रांतीनंतर ऑपरेशन करायचं ठरलं होतं. डॉक्टर म्हणाले, नंतर रस्त्यावर मस्त चालाल, पण खडकाळ, निसरड्या जागी पाय ठेवायचा विचार सोडून द्या. ते चांगली बातमी देत होते. ताईने त्यातला दुसरा भागच ऐकला. घरी येऊन म्हणाली, "म्हणजे ऑपरेशनच्या आधी."

गोष्ट अशी होती, की नोकरीभर तिने पोरांना समुद्रफूल शिकवलं होतं. प्रवाळ शिकवलं, तारामासा शिकवला. सगळं तक्त्यावर, छडीच्या टोकाने. समुद्रफूल ही वनस्पती आहे असं कुणी लिहिलं की ती मार्क कापायची. "आणि मी स्वतः कधी बघितलंच नाही रे," ती मला म्हणाली. "पंचवटीत गोदेच्या काठावर बसून मी पोरांचे मार्क कापत होते."

कच्छच्या आखातात, जामनगरपासून द्वारकेच्या बाजूला, सागरी उद्यानाचे असे किनारे आहेत जिथे ओहोटीला चालत आत जाता येतं. पोहायला नको, बोट नको. तिला दोन किनारे बघायचे होते. बाकीच्यांची कारणं वेगळी. काकांना आणि माझ्या बायकोला द्वारका हवी होती. निफाडच्या चुलतभावाने नवी सात सीटांची गाडी घेतली होती, तिला द्राक्षाच्या क्रेटशिवाय काहीतरी दाखवायचं होतं. मला कोणी विचारलं नव्हतं. म्हणून मी नियोजन माझ्याकडे घेतलं.

काकांच्या अमावास्येवर तोड काकांनीच काढली. "पस्ताना ठेवा," ते म्हणाले.

ही आमच्याकडची जुनी रीत. निघायच्या दिवशी मुहूर्त नसेल तर आधीच एखाद्या चांगल्या वेळी आपली एक पिशवी शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायची. पिशवी घराबाहेर पडली, म्हणजे प्रवास सुरू झाला. मग माणसं अमावास्येला निघोत नाहीतर ग्रहणात. फक्त पिशवीत प्रवासाला लागणारी खरी वस्तू हवी, देवाला फसवायचं नाही. दाराशी ताईच्या बुटांची पिशवी तयार होती. सुजणाऱ्या पायांना चालतील, तळवा जाड असेल आणि खडकावर सरकणार नाहीत, असे बूट तिने मेनरोडपासून कॉलेज रोडपर्यंत सगळी दुकानं पालथी घालून मिळवले होते. सोबत गुडघ्याचे पट्टे. त्रयोदशीला काकांनी वेळ सांगितली आणि मी ती पिशवी मिरवत समोरच्या वाडीत नेऊन ठेवली. शेजारीणबाईंनी तिला हळदकुंकूसुद्धा लावलं.

अमावास्येला पहाटे आम्ही निघालो. सापुताऱ्याचा घाट उतरलो, बडोद्याला मुक्काम केला. चुलतभाऊ दर वीस-पंचवीस मैलांवर गाडी बाजूला घेऊन कुणाच्या तरी शेताच्या बांधावर उभा राहायचा. "ठिबक बघतो जरा," म्हणायचा. "इथली माती लय भारी हाय, दादा." काका मागे बसून समाधानाने सांगत होते, की मुहूर्त साधला की प्रवासाला कसा विघ्नाचा वाराही लागत नाही.

जामनगरला पोचलो. सकाळी ओहोटी, म्हणून ताईने रात्रीच सामान लावायला घेतलं. थोड्या वेळाने आमच्या खोलीचं दार वाजलं.

"माझे बूट?"

पस्ताना ठेवतात हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. निघताना तो बरोबर घ्यायचा असतो, हे नियोजनप्रमुखाने लक्षात ठेवायचं असतं. मी शेजारीणबाईंना फोन लावला. त्या इतक्या प्रेमाने म्हणाल्या, "अहो, काही काळजी करू नका, पिशवी देवघराखाली आहे. कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही!"

"बघा," काका म्हणाले, "बूट तरी मुहूर्तावर निघाले."

बायको हसू लागली, मग ताईकडे पाहून थांबली. ताई हसत नव्हती. ती माझ्यावर रागावलीही नाही, आणि ते फार वाईट होतं. ती फक्त म्हणाली, "सकाळी दुकानं किती वाजता उघडतात, ते खाली विचार."

दुकानं उशिरा उघडतात. आम्ही शटरसमोर उभे राहिलो. मिळाले ते बूट एक तर तिच्या पावलाला चढेनात, नाहीतर फरशीवरच सरकत. शेवटी एक जोड चढला. पहिल्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा समुद्र आपल्या जागी परत येऊन बसला होता, जसा काही कधी उठलाच नव्हता. चुलतभाऊ पाण्याकडे बघत म्हणाला, "धरणाचं पाणी सांगून सोडत्यात, ह्याचं काय खरं नाय." आणि गाडीपर्यंतच्या एवढ्याशा अंतरात नव्या बुटांनी ताईच्या दोन्ही टाचा सोलल्या.

जेवताना सगळे समजुतीचं बोलू लागले. गोड आमटी होती, बोलणंही तसंच. बायको म्हणाली, "ताई, पायाला जखम घेऊन खाऱ्या पाण्यात नका जाऊ ना. आपण सरळ द्वारकेला जाऊ." मला तर एक नामी कल्पना सुचली. मी म्हटलं, "एखादं चांगलं मत्स्यालय बघू या. सगळं तेच असतं, आणि एसीत."

"काचेतलं मी पुस्तकात बघितलंय," ताई म्हणाली. "उद्या दुसरा किनारा आहे. त्यानंतर ओहोटी आखडत जाणार. तुम्ही द्वारकेला जा. मला तिथे सोडा आणि संध्याकाळी न्यायला या."

काकांनी टेबलाखालून एक पाय पुढे केला. रोज सकाळी गोदाकाठी फिरायला जाताना घालतात ते त्यांचे पांढरे कॅनव्हासचे बूट. पाय त्यांचा मोठा, बूट ढगळ, तळवा जाड.

"दोन मोजे घातलेस की बसतील तुला."

"आणि तुम्ही?"

"मला काय बघायचंय त्या चिखलात? मी काठावर बसून जप करीन. द्वारकेचा देव काही पळून जात नाही. तुझा समुद्र पळतो, म्हणून."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही किनाऱ्यावर होतो. तिथे वाटाड्या बरोबर घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. आमचा वाटाड्या ताईची चाल बघून काकांच्या शेजारची जागा दाखवत म्हणाला, "बा, तमे अहीं बेसो."

"बसायला नाही आले," ताई मराठीतच म्हणाली आणि काठी टेकून चालू लागली. त्याला कळलं असावं, कारण तो पुढे झाला.

समुद्र खरंच नव्हता. दूरवर पाण्याची एक रेघ, आणि इकडे पायांखाली त्याचं घर उघडं पडलेलं. चिखल, मग टोकदार दगड, मधूनमधून घोटाभर पाण्याची डबकी. बायको साडी खोचून अशी चालत होती की जणू रोज इथूनच भाजी आणते. मी सगळ्यांना "सांभाळून, सांभाळून" सांगत होतो. तिसऱ्यांदा सांगताना बसलोच. अगदी पूर्ण बसलो.

"सांभाळून, अहो," बायको म्हणाली.

ताईने मागे वळूनही पाहिलं नाही. एकेका दगडावर आधी काठी, मग डावा पाय, मग थोडं थांबून उजवा. पट्टे नव्हते, म्हणून गुडघ्यांवर तिने बायकोच्या ओढण्या आवळून बांधल्या होत्या. वाटाड्याने खेकडा दाखवला, सुस्त काकडीसारखा एक प्राणी दाखवला. ती मान डोलवून पुढे निघायची. मग तो थांबला, लांबच्या रेघेकडे हात करून म्हणाला, की पाणी फिरलं, आता परतायला हवं.

"समुद्रफूल कुठे?" ताईने हाताची बोटं उघडून-मिटून दाखवली.

त्याने पुढच्या दगडांकडे बोट केलं. मी म्हटलं, "ताई, चेहरा बघ तुझा. पांढरा पडलाय. इथवर आलीस, खूप झालं."

"इथवर यायला मी आले नाहीये."

ती गेली. आम्ही तिच्या दोन बाजूंनी गेलो, मी आणि चुलतभाऊ, हात न लावता. लावला असता तर तिने काठी मारली असती. दगडांमध्ये परातीएवढं एक डबकं होतं. तळाशी एक जांभळट फूल, पाकळ्यांची टोकं हिरवी, पाण्याबरोबर हलणारी.

"झेंडूच हाय की!" चुलतभाऊ म्हणाला.

ताईला वाकता येत नाही. तिने मला काठी दिली, माझा खांदा धरला आणि सरळ त्या दगडावर, ओल्यात, बसली. आता हिला उठवायचं कसं, हा विचार तिच्याखेरीज सगळ्यांच्या तोंडावर होता. हात लावायचा नाही, हे वाटाड्याने आधीच बजावलं होतं. ती नुसती बघत राहिली. नखाएवढा एक मासा फिरत फिरत त्या पाकळ्यांपाशी आला, शिवला, आणि फूल मिटलं. एकदम, मुठीसारखं. मासा काही दिसला नाही.

"प्राणीच आहे," ताई हळू म्हणाली. मग मोठ्याने, चुलतभावाकडे बघून, "प्राणी आहे रे, गाढवा!"

वाटाड्याने हाक मारली. दगडांच्या फटींतून पाणी आवाज न करता आत येऊ लागलं होतं. मी तिच्या काखेत हात घातला.

"थांब. उघडू दे परत."

"ताई, पाणी आलंय."

"दिसतंय मला. उघडू दे."

आम्ही थांबलो. माझ्या बुटांत थंड पाणी शिरलं, बायकोने माझा शर्ट मागून घट्ट धरून ठेवला. वाटाड्याही येऊन शेजारी उभा राहिला. मग त्या मुठीतून एक टोक बाहेर आलं, चाचपल्यासारखं, मग दुसरं. ताईने सगळं उघडेपर्यंत पाहिलं. आणि कण्हत, आम्हा दोघांच्या खांद्यांवर सगळा भार टाकत उठली.

परतताना पाणी आमच्या पोटऱ्यांशी होतं. वाटाड्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, की ऑक्टोपस राहिला, नशीब असेल तर उद्या दिसेल.

"नको," ताई म्हणाली. तिने कळ सोसत ओठ आवळले होते आणि पुढचा दगड ती काठीने शोधत होती. "उद्या ह्यांना द्वारकेला जायचंय."