मुंग्यांचा अंदाज आणि आमचं टिपाड

पावसाचा अंदाज मी आयुष्यात एकदाच वर्तवला. त्यात मुंग्यांची काहीही चूक नव्हती.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नवे साहेब आले, नव्या पाट्या आल्या, पाणी मात्र जुन्याच जिल्ह्यात राहिलं असावं! गल्लीत टँकर चार दिवसांनी यायचा. घरात पाण्याचं एकच लोखंडी टिपाड, आणि त्यात उरलेलं निम्मं पाणी बायकोनं, सुमननं, शपथ घालून राखलेलं. कारण दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं उदगीरहून अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, येणार होत्या. अंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय अव्वा पाण्याचा घोटही घेत नसत. (दुष्काळाशी त्यांचं याबाबत काही बोलणं झालेलं नव्हतं.)

संध्याकाळी शाळेतून दमून आलो, तर टिपाडाखालून मुंग्यांची रांग निघून भिंतीवर चढत होती. प्रत्येकीच्या तोंडात पांढरा दाणा.

"अवो, मुंग्या अंडी घिऊन वर निघाल्या की!" सुमन म्हणाली.

"अंडी नव्हेत, कोष." मी विज्ञानाचा मास्तर, कितीही थकलो तरी दुरुस्ती सोडत नाही. "अंड्यातून अळी, अळीचा कोष, कोषातून मुंगी. आणि कोष हलवतायत म्हणजे त्यांच्या मिशांना ओलावा कळलाय. पाऊस येतोय!"

"मग टिपाडाखाली माती कशानं वली झाली?"

"हवेतला ओलावा, सुमन!"

चार दिवसांचा घाम अंगावर वाळला होता. दोन बादल्या काढून मनसोक्त अंघोळ केली. तिसरीत सायकल धुतली!

"अवो, अव्वाचं पाणी हाय ते!"

"अव्वा उद्या पावसाच्या पाण्यानं न्हातील!"

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण शेजारच्या सोनकांबळेबाई, नव्या कलेक्टर ऑफिसात टायपिस्ट, अंगणात दिसल्या. त्यांनाही घागरी रिकाम्या करून ठेवायला सांगितलं. "हाव सर," त्या म्हणाल्या, आणि घागरींवर झाकणं घट्ट बसवून आत गेल्या.

सकाळी आभाळ तव्यासारखं कोरडं. टिपाडात डोकावलो तर तळाला ओंजळभर गंज! मी तर तीनच बादल्या काढल्या होत्या, बाकीचं गेलं कुठं? टिपाड कलतं केलं. बुडाचा सांधा फुटलेला, खाली चिखल, आणि चिखलात मुंग्यांचं बुडालेलं बिऱ्हाड. त्यांना ओलावा कळला होता, पण तो आमच्याच टिपाडाचा!

तेवढ्यात फाटक वाजलं. अव्वा!

त्या ओट्यावर टेकल्या. ओठ सुकलेले, पहाटेपासून पोटात काही नाही.

"अव्वा, निदान घोटभर तरी..."

"पूजेबिगर न्हाई, जावईबापू."

दहा वाजले. शाळेला सुट्टी नव्हती, पण जायला तोंड नव्हतं. टँकर परवा येणार. त्या म्हातारीकडे मला बघवत नव्हतं. खरंच लाज वाटली.

शेवटी सुमनच शेजारी गेली. सोनकांबळेबाई लगेच दोन घागरी घेऊन आल्या. "घ्या सर," त्या म्हणाल्या, "तुमच्या पावसासाठी रिकाम्या करायचं राहूनच गेलं."

अव्वांची अंघोळ झाली, पूजा झाली. सुमननं तोवर सगळी कहाणी त्यांच्या कानावर घातली होती. पाण्याचा पहिला घोट घेऊन अव्वांनी मला समोर बसवलं.

"जावईबापू, तुमी शाळंत मुंग्या शिकवता म्हनं. किती भाग असतेत मुंगीच्या अंगाला?"

"तीन, अव्वा. डोकं, छाती आणि पोट."

"आन मानसाला?"

मी सुमनकडे पाहिलं. उन्हात चकचकणाऱ्या सायकलीकडे पाहिलं.

"माणसामाणसावर आहे, अव्वा," मी म्हणालो. "माझ्यात दोनच निघाले."