हातांची बोली

तुमसरच्या धानबाजारात मी एका अडत्याकडे हर्रास लावायचो. आमच्या भागात लिलावाला हर्रास म्हणतात. शेतकरी धान आणून शेडमध्ये ढीग घालतो, व्यापारी त्याभोवती गोळा होतात, मूठभर धान उचलून तळहातावर चोळून बघतात, आणि मधे उभा राहून एक माणूस भाव पुकारत राहतो. तो माणूस मी. ट्रकांची घरघर, हमालांच्या हाका, शेजारच्या ढिगावर चाललेली दुसरी हर्रास, या सगळ्याच्या वर आवाज न्यायचा तर तो पोटातून काढावा लागतो. माझा निघायचा. मी शेडच्या एका टोकाला भाव पुकारला की दुसऱ्या टोकाच्या चहाच्या टपरीवर बसलेल्यांना आज बारीक धान तेजीत आहे की मंदीत, ते कळायचं.

एका उन्हाळ्यात हा आवाज बसला. आधी मी मिठाच्या गुळण्या केल्या, ज्येष्ठमध चघळलं, लग्नसराईच्या धुळीला दोष दिला. शेवटी नागपूरला गेलो. घशात गाठ होती. ती साधी निघाली, काढून टाकली, घरच्यांचा जीव भांड्यात पडला. पण एक स्वरतंतू हलेनासा झाला. डॉक्टर म्हणाले, बोलता येईल, ओरडता येणार नाही. मी मान डोलावली. त्या वेळी मला ते फार मोठं वाटलं नाही. घरी येऊन अंगणातून बायकोला हाक मारली आणि तुळशीपाशी उभी असलेली ती वळलीसुद्धा नाही, तेव्हा समजलं.

शेठ चांगला माणूस. त्याने मला काढलं नाही, काट्याजवळ खुर्ची दिली आणि हर्रासीला दुसरा माणूस उभा केला. मुलाने फेरीवाले गळ्यात अडकवतात तसला भोंगा आणून दिला. पण माझ्या घशातून आवाजच येत नव्हता, नुसती हवा येत होती, आणि भोंग्यातून तीच हवा मोठी होऊन बाहेर पडायची. एका व्यापाऱ्याने इकडेतिकडे बघत कुणाच्या टायरमधली हवा चालली म्हणून विचारलं. सगळे हसले, मीही हसलो. भोंगा मात्र त्याच दिवशी कपाटावर गेला.

माझी सून सानगडीची. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. तिचं आणि माझं बोलणं तेव्हा मोजकंच असायचं. ती म्हणायची, मामाजी, चहा. मी म्हणायचो, ठेव बाई. आवाज गेल्यावर तर तेवढंही राहिलं नाही. मी हातानेच मागायला लागलो. भात पुरे, वरण थोडं, मीठ इकडे. बायकोचा सारखा गोंधळ व्हायचा. सुनेचा होत नव्हता.

एक दिवस जेवताना ती माझ्या हाताकडे बघत बसली आणि मग म्हणाली, "मामाजी, तुमी बाजारात बी असेच हात हालवत होते का?"

मी तिला सांगितलं, म्हणजे अर्धं कुजबुजलो आणि अर्धं दाखवलं. मी बाजारात नवा होतो तेव्हा जुने दलाल रुमालाखाली हात घालून भाव ठरवायचे. कोणतं बोट धरलं, किती बोटं दाबली, त्यावरून आकडा समजायचा, शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागायचा नाही. पुढे हर्रास उघड झाली, पण ती बोटं माझ्या हातात राहून गेली. तोंडाने भाव पुकारताना हात आपोआप चालायचे. एक बोट वर म्हणजे भाव एक पायरी वर. मनगट फिरवलं म्हणजे वाण बदला. हात पालथा करून खाली दाबला म्हणजे सौदा झाला. जेवण तसंच राहिलं. ती एकेक खूण पुन्हा करायला लावत होती आणि मोबाइलमध्ये टिपत होती.

दुसऱ्या दिवशी तिने मला समजावलं. गळ्यात एक छोटा कॅमेरा आणि काडेपेटीपेक्षा थोडा मोठा प्रोजेक्टर अडकवायचा. कमरेच्या पिशवीत पत्त्यांच्या कॅटएवढा संगणक आणि बॅटरी. कॅमेरा माझी बोटं बघेल, संगणक त्यांचा अर्थ लावेल, आणि प्रोजेक्टर समोर जे असेल त्याच्यावर आकडा पाडेल. भिंत, पोतं, धानाचा ढीग, काहीही चालेल.

"लोक कागद बघत नाई, मोबाइल बघत नाई. ते ढिगाले बघते. आपण भाव ढिगावरच लिहू," ती म्हणाली.

मला अर्धं समजलं, अर्धं नाही. पण गाठीच्या ऑपरेशननंतर माझ्याशी कुणी पुढच्या कामाबद्दल बोलत नव्हतं. सगळे आरामाबद्दलच बोलायचे. म्हणून मी हो म्हटलं.

पावसाळा त्यातच गेला. बाहेर शेतात धानाची रोवणी चालली होती आणि मी मागच्या खोलीत भिंतीसमोर उभा राहून बोटं हलवत होतो. सुरुवातीला यंत्र काहीच्या काही वाचायचं. मी मिशीवर हात फिरवला की भाव चढायचा. माशी हाकलली की सौदा व्हायचा. बायको दारात उभी राहून हसायची आणि म्हणायची, घरातलं सगळं धान विकून टाकलं तुम्ही. सून चिडायची नाही. ती विचारायची, काम सुरू करायच्या आधी तुम्ही हाताने असं काय करता की जे दिवसभरात एरवी करत नाही? मी विचार केला. प्रत्येक ढिगासमोर उभं राहिलो की मी आधी धानाला हात जोडायचो. तिला तेच हवं होतं. मग यंत्र माझा नमस्कार झाल्यावरच बोटं वाचायला लागायचं, आणि सौदा झाला की वाचणं थांबवायचं. माशांचा प्रश्न सुटला.

रंगांचा प्रश्न राहिला. कॅमेऱ्याला बोटं वेगवेगळी ओळखू यावीत म्हणून तिने माझ्या बोटांना रंगीत चिकटपट्ट्या गुंडाळल्या होत्या. धानाच्या कुसाने आणि घामाने त्या निघून जायच्या. एका सकाळी ती नेलपॉलिशच्या बाटल्या घेऊन समोर बसली. लाल, हिरवी, निळी, पिवळी. मी हात मागे घेतला. सासऱ्याच्या नखांना सुनेने रंग लावायचा, हे काय दिसतं? तिने लाल बाटली उघडून हातात धरली. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "लावू द्या जी. माह्या हातानं कधी मेंदी तरी लावून घेतली का तुमी?" मी हात पुढे केला. इतकी वर्षं माझ्या घरात असलेल्या त्या मुलीने माझा हात पहिल्यांदा हातात धरला तो असा.

दिवाळीनंतर नवीन धान आलं. बाजार भरला. शेठला मी आधीच सांगून ठेवलं होतं. तो नखांकडे बघून थोडा थांबला, पण एक ढीग कर म्हणाला. व्यापारी जमले. कुणीतरी लग्न कुणाचं म्हणून विचारलं. मी धानाला हात जोडले, बोट वर केलं, आणि ढिगावर काहीच दिसलं नाही.

उन्हं थेट शेडमध्ये येत होती. घरच्या अंधाऱ्या खोलीत लखलखणारा आकडा सोनेरी धानावर पडून विरून जात होता. मी ढिगाच्या जवळ सरकलो, मग आणखी जवळ, शेवटी जवळजवळ ढिगावर वाकलो. आकडा होता, पण तो फक्त मलाच दिसत होता. दोन व्यापारी घड्याळ बघायला लागले. शेठने हळूच दुसऱ्या माणसाला खूण केली. त्याने खणखणीत आवाजात बोली उचलली आणि मी बाजूला झालो.

सून खांबाजवळ उभी होती. तिचा चेहरा माझ्यापेक्षा उतरला होता. मला तेव्हा माझ्यापेक्षा तिचंच जास्त वाईट वाटलं. आम्ही सामान पिशवीत भरत होतो, तेवढ्यात करडी गावची एक बाई जवळ आली. नवरा गेल्यापासून ती स्वतःच धान घेऊन यायची. हर्रासीच्या वेळी व्यापाऱ्यांच्या पाठीमागे उभी राहायची आणि प्रत्येक वेळी मला नंतर विचारायची, भाऊ, कितीले गेलं? भाव पुकारताना मी व्यापाऱ्यांकडे तोंड करून उभा असायचो. मागे उभ्या असलेल्यांना काय ऐकू येतं, हे मी कधी मनावर घेतलं नव्हतं.

तिने विचारलं की तो आकडा लोकांना दिसण्यासाठी होता का. सून म्हणाली हो, पण उजेड फार आहे. ती बाई शेडभर नजर फिरवून म्हणाली, "माहा ढीग त्या कोपऱ्यात हाय, गोदामाच्या भिंतीपाशी. तिकडं ऊन येत नाई. ताडपत्री सोडली त अंधारच होते."

मी शेठकडे गेलो. गोंगाटात माझं कुजबुजणं पोचेना म्हणून हातानेच मागितलं, आणखी एक. तो नाही म्हणणार होता. मग त्याने माझे हात बघितले, रंगवलेले, आणि हमालांना ताडपत्री सोडायला सांगितलं.

निळी ताडपत्री खाली आली आणि तो कोपरा माजघरासारखा झाला. करडीच्या बाईने एक रिकामा पांढरा कट्टा, म्हणजे प्लास्टिकचं पोतं, उलटा करून आपल्या ढिगाच्या तोंडावर पसरला, पोळीच्या कणकेवर फडकं टाकावं तसा. व्यापारी कुरकुरत आले. मी हात जोडले. दोन्ही हातांच्या अंगठ्याची आणि तर्जनीची चौकट धरली, आणि सुनेने फोनवर भरलेली अक्षरं पांढऱ्या कट्ट्यावर उमटली. गाव करडी, धानाचं वाण, ओलावा. खाली सुरुवातीचा भाव, विटेएवढ्या आकड्यांत.

मग एकाने हनुवटी उचलली. मी बोट वर केलं, आकडा चढला. दुसऱ्याने डोळ्याने खुणावलं, मी बोट वर केलं, आकडा पुन्हा चढला. इतक्या वर्षांत मी अशी शांत हर्रास ऐकली नव्हती. ओरडायची गरज नसल्यामुळे सगळे नुसते बघत होते. व्यापारी बघत होते, हमाल बघत होते, आणि पाठीमागचे शेतकरी टाचा उंचावून बघत होते. माझे हात स्थिर होते. ते काम त्यांचंच होतं.

आकडा एका जागी थांबला. मी हात पालथा करून खाली दाबायला घेतला, तेवढ्यात पाठीमागून ती बाई बोलली.

"थांबा भाऊ. तो खांबाजवळचा अजून बोट उचलून राहिला."

मी वळलो. खरंच, खांबाआडून एका व्यापाऱ्याचं बोट वर होतं. मला ते दिसलं नव्हतं. मी बोट वर केलं. आकडा चढला. मग समोरचाही चढला, मग पुन्हा खांबाजवळचा. त्या ढिगाला त्या दिवसाचा सगळ्यात वरचा भाव मिळाला. मी हात खाली दाबला तेव्हा आकडा हिरवा झाला. तो तसा व्हावा हे सुनेने मला सांगितलंच नव्हतं. करडीची बाई त्या हिरव्या आकड्याकडे बघत राहिली. तिने मला काही विचारलं नाही. विचारायला काही उरलंच नव्हतं.

शेठ म्हणाला, पुढचा ढीग पण इकडेच आणा. मग त्याच्या पुढचा. दुपारपर्यंत मी त्या कोपऱ्यातून हललो नाही. हमाल पोती ओतत होते, सून फोनवर गाव, वाण, ओलावा भरत होती, मी हात जोडत होतो. दुसरा हर्रासवाला आपलं काम संपवून आला आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने माझ्यासाठी पाणी आणून दिलं.

शेवटच्या ढिगावर बॅटरी संपली. आकडा चढता चढता विझला. सून पिशवीत दुसरी बॅटरी शोधायला लागली. मी हात तसाच वर धरून उभा होतो. तेवढ्यात समोरच्या व्यापाऱ्याने हनुवटी उचलली आणि माझं बोट सवयीने वर गेलं. बाजूचा म्हणाला, "झाली एक पायरी." कुणीतरी आणखी एक बोली दिली. सकाळपासून त्यांनी बोट आणि आकडा शेजारी शेजारी बघितले होते, आता आकडा नसतानाही त्यांना बोट वाचता येत होतं. मागचा एक शेतकरी मोठ्याने भाव सांगत गेला, मी हात चालवत गेलो, आणि सौदा झाला. सून हातात बॅटरी धरून उभी राहिली. मी तिच्याकडे बघितलं तर ती रडत होती आणि हसतही होती. मला ओरडता येत असतं तर मी तेव्हा ओरडलो असतो.

तिच्या स्कूटरवर मागे बसून मी घरी आलो. वाटेत ती सारखी बोलत होती. पुढच्या वेळी मोठी बॅटरी, आकड्यांना जाड कडा, कट्ट्याऐवजी गुंडाळता येईल असा पांढरा पडदा. मी ऐकत होतो. घरी पोचल्यावर बायकोने आमचे चेहरे बघितले आणि काही न विचारता कढईत पोहे टाकले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही सकाळी पोचलो तेव्हा ताडपत्री आधीच खाली सोडलेली होती. गोदामाच्या भिंतीपासून शेडच्या मधल्या खांबापर्यंत धानाचे ढीग लागले होते, एकाला एक खेटून, आणि प्रत्येकाच्या तोंडावर उलटा केलेला पांढरा कट्टा पसरलेला होता. ढिगांमागे बायका-माणसं उभी होती. मी नखं बघितली, रंग ताजा होता. सुनेने माझ्या गळ्यात पट्टा अडकवला, कॅमेरा सरळ केला आणि बाजूला झाली. मी पहिल्या ढिगासमोर गेलो आणि हात जोडले.