भोंगा वाजला की धक्क्यावर

आमच्या पिंचर्स आर्म या किनाऱ्यावरच्या गावात ओलिव्ह स्ट्रिकलंडला सगळे ओळखतात आणि तिचं कोणी ऐकत नाही. ती खेकड्यांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. तिथल्या शीतगृहात थंडाव्यासाठी पाच टनांहून जास्त अमोनिया असतो, आणि तो वायू विषारी. तो गळला तर काय करायचं याचा आराखडा नियमाप्रमाणे लिहावा लागतो, आजूबाजूच्या लोकांना समजावून सांगावा लागतो आणि दरवर्षी सराव करून तपासावा लागतो. त्यात गावासाठी एकच सूचना आहे: भोंगा वाजला की घरात जा, दारं-खिडक्या लावा.

अडचण अशी की इथे भोंगा वाजला की माणसं घराबाहेर पडतात. एखादी होडी परतली नाही की जुन्या मासळी गोदामाचा भोंगा वाजायचा, आणि ज्याला दोर ओढता येतो तो धक्क्यावर धावायचा. मागोमाग बायका घोंगड्या आणि चहाची किटली घेऊन. घरी बसून राहिलेल्याला दोन पिढ्या नावं ठेवली जायची. कारखाना त्याच धक्क्यावर उभा आहे.

पहिल्या सरावाला दोनशे दहा लोकवस्तीतले त्रेसष्ट जण धक्क्यावर आले. दुसऱ्या वर्षी ओलिव्हनं घरोघरी जाऊन पत्रकं वाटली, फ्रिजवर स्वतः चिकटवली. एकाहत्तर आले. सगळ्यात पुढे तिचे वडील गार्लंड, वय एकोणऐंशी.

"बाबा, पत्रकावर काय लिहिलंय?"

"घरात बसा."

"मग?"

"मग तू आत होतीस ना."

तिसऱ्या वर्षी तिनं भोंग्याचा आवाजच बदलून घेतला. आता तो तुटक तुटक वाजतो. शेजारचे सेल्बीकाका घरातल्या सपाता घालूनच धक्क्यावर हजर.

"हे नवीन काय केकाटतंय ते बघायला आलो."

"घरात राहायचं होतं, काका."

"घरातून दिसत नाही गं, बाई."

सगळे हसले. ओलिव्हही हसली, कारण दुसरं काय करणार. फोनवर संदेश पाठवावा म्हटलं तर टेकडीमागच्या निम्म्या घरांत सिग्नल नाही. तपासणीला आलेल्या माणसाला तिनं खरे आकडे दाखवले.

"लोकांना कळवलंय ना?" त्यानं विचारलं.

"चार वेळा."

"मग तुम्ही आणखी काय करणार?" म्हणत त्यानं कागदावर सही केली.

गेल्या मे महिन्यात, मंगळवारी सकाळी दहा वीसला, एका झडपेचं सील गेलं. गळती बंद व्हायला अकरा मिनिटं लागली. आराखडा कामगारांनी चोख पाळला. चौऱ्याऐंशी जण वारा येत होता त्या बाजूला टेकडी चढून चर्चच्या आवारात जमले. ओलिव्ह यादी घेऊन माणसं मोजत होती. तिथून खालचा रस्ता स्पष्ट दिसतो. ट्रक उतरत होते, माणसं चालत होती, आणि मधोमध खांद्यावर दोराचं वेटोळं घेतलेले गार्लंड.

तिनं फोन लावला. तो त्यांच्या स्वयंपाकघरात वाजत राहिला. तिनं हाका मारल्या. भोंग्याच्या आवाजात त्या बुडून गेल्या. खाली जायचं तर मोजणी सोडावी लागली असती, आणि आत कोणी राहिलंय का हे त्या मोजणीवरच कळणार होतं. ती मोजत राहिली. बावन्न, त्रेपन्न. वडील वळणाआड गेले.

वारा पश्चिमेचा होता, वायूचा ढग समुद्रावर गेला. काही जणांचे डोळे चुरचुरले, इतकंच.

"बघ, काही झालं नाही," संध्याकाळी गार्लंड उकडलेल्या बटाट्याची साल काढत म्हणाले. डोळे अजून लाल होते.

"वारा चांगला होता म्हणून, बाबा."

"असू दे."

"पुढच्या वेळी येऊ नका."

"तू आत नसलीस तर नाही येणार."

नोकरी सोडावी असं तिच्या मनात आलं. पण मग तिच्या जागी टर्नरांची एस्थर येईल, आणि एस्थरचे वडील अजून पळू शकतात.

घटनेच्या अहवालात धक्क्यावर आलेल्यांचा आकडा तिनं लिहिला: चौऱ्याण्णव. त्याखाली 'हे टाळण्यासाठी केलेली उपाययोजना' अशी रिकामी जागा होती. आठवडाभर विचार करून तिनं ती तशीच ठेवली आणि अहवाल पाठवून दिला.